नववा लागल्यानंतर

(प्रस्तावना)

"नववा लागला की, आता कशाची भीती?"

तलवाड्यात आणि गेवराई तालुक्याच्या कुठल्याही वाडीवस्तीवर हे वाक्य ऐकू येतं. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी कधी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली पोटुशी बाईसुद्धा म्हणते. बोलणारीचा हेतू धीर देण्याचाच असतो. सातवा सरला, आठवा पार पडला, आता कळा कधीही सुटल्या तरी लेकरू हाती लागणार, असा त्याचा अर्थ. पुढच्या पानांचा विषय म्हणजे या वाक्यातली चूक. ती फार मोठी नाही, तीन-चार आठवड्यांचीच आहे. पण त्या तीन-चार आठवड्यांत जन्मलेली बाळं आपल्या डोळ्यांदेखत आजारी पडतात, आणि ती "कमी दिवसांची" होती हे घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आधी हिशेब करू. शेवटची पाळी 15 एप्रिलला आली असं धरा. नऊ महिने आणि वर सात दिवस मोजले की 22 जानेवारी येते. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आजही जगभर वापरतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून हे साधारण 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणत आल्या, म्हणजे फरक जेमतेम दोन दिवसांचा. मोजणी चांगली होती. गडबड मधल्या टप्प्यावर होते. या बाईला नववा लागतो 15 डिसेंबरला. त्या दिवशी 35 आठवडेही पुरे झालेले नसतात. 37 आठवडे भरतात 30 डिसेंबरला. 9 ते 29 डिसेंबर या काळात बाळ आलं, तर वैद्यकशास्त्र त्याला उशिराच्या टप्प्यातलं अकाली बाळ म्हणतं: 34 आठवडे पुरे, 37 अपुरे. आणि खऱ्या अर्थाने दिवस भरतात ते 39 आठवड्यांना, म्हणजे भोगी-संक्रांतीच्या सुमाराला.

पूर्वी डॉक्टरही या बाळांना "जवळजवळ पूर्ण दिवसांची" म्हणत. 2005 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ते नाव सोडून द्यायला सांगितलं, कारण नावामुळेच डॉक्टर आणि नर्स बेसावध राहत होते. 2013 मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने आणखी एक रेघ ओढली: 37 आणि 38 व्या आठवड्यातला जन्म म्हणजे थोडा लवकरचा, आणि 39 व 40 व्या आठवड्यातला तो पूर्ण दिवसांचा. आपल्याकडे दवाखान्यात ही रेघ पोचली, घरात पोचलेली नाही.

घरात वेगळीच समजूत आहे: सातव्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही. ती अडाणीपणातून आलेली नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असं सांगितलं आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांचीही अशीच समजूत होती. आज आपण जाणतो की दिवस भरेपर्यंत पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. सातव्यापेक्षा आठव्यात जगण्याची शक्यता कितीतरी जास्त. तरी समजुतीने एक अपाय केलाच. सगळी भीती आठव्या महिन्याच्या खात्यावर जमा झाली आणि नववा अगदी निर्धास्त ठरला.

शेवटच्या महिन्याभरात बाळ नुसतं वजन वाढवत नसतं. 34 व्या आठवड्याला त्याच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांश असतं. उरलेली वाढ पुढच्या सहा आठवड्यांत व्हायची असते. फुप्फुसं आतून चिकटून न बसता उघडी राहावीत यासाठी लागणारा स्निग्ध थर तेव्हा पक्का होत असतो. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ बसत असतो. कातडीखाली चरबी आणि यकृतात साखरेचा साठा जमतो, आणि जन्मानंतरच्या थंडीला व पहिल्या भुकेला तोच पुरवायचा असतो. आईचं लोह आणि तिच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यंही याच काळात मोठ्या प्रमाणावर बाळाकडे जातात. ज्वारी हुरड्यात आली की कणीस भरलेलं दिसतं, म्हणून काही कुणी खळं करायला घेत नाही. पस्तिसाव्या आठवड्यातलं बाळ असंच भरलेलं दिसतं. सव्वादोन-अडीच किलो वजन, हातपाय नीट, नाकीडोळी छान. सातव्या महिन्यातल्या तळहाताएवढ्या जिवाकडे पाहून सगळं घर सावध होतं. या बाळाकडे पाहून पेढे वाटले जातात.

आणि धोका नेमका त्याच्या शहाणपणाच्या कौतुकात असतो. "लय गरीब लेकरूय, रडतच नाही," असं आजी कौतुकाने सांगते. बाळ रडत नाही, कारण त्याला रडण्याचं त्राण नसतं. छातीला लावलं की दोन-चार घोट ओढतं आणि झोपतं. दमून झोपलेल्या बाळाला पोट भरून झोपलेलं समजून कुणी उठवत नाही. रात्र जाते, रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, ओढण्याची ताकद आणखी कमी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागतात. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ एव्हाना उतरणीला लागते. या बाळाची पाचव्या-सातव्या दिवशी चढते, म्हणजे आई घरी आल्यावर. घरी सल्ला ठरलेला: सकाळच्या उन्हात धरा. त्या उन्हाने वाढलेली कावीळ उतरत नाही, वर थंडीत बाळ उघडं पडतं. शेवटी बीडच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर थेट संभाजीनगरला घाटी रुग्णालयात. मग गावात बातमी येते, "लेकरू काचेत ठेवलंय." सगळ्यांना नवल वाटतं, कारण लेकरू तर चांगलं होतं.

हा प्रश्न जगभराचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं 37 आठवड्यांच्या आत जन्मली. त्यात सर्वांत मोठा वाटा भारताचा, सुमारे 30 लाख. यातली बहुसंख्य बाळं शेवटच्या तीन आठवड्यांच्या पट्ट्यातली. दरवर्षी 17 नोव्हेंबरला या बाळांचा जागतिक दिवस पाळतात, मोठ्या शहरांत दवाखान्यांवर जांभळे दिवे लावतात. त्या तारखेला आमच्या भागातली अर्धी गावं रिकामी असतात. हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण तलवाड्यात दिवस भरण्याचा विचार साखर कारखान्याच्या हंगामाला वगळून करता येत नाही.

नवरात्रात त्वरिता देवीच्या गडावर गर्दी होते, दसरा होतो, आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी नगर-पुण्याकडे, कुणी कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. गढीला आपल्या तालुक्याचा जय भवानी कारखाना असला, तरी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जिथली मिळते तिथे कोयता जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावावर असते. बाई घरी राहिली तर अर्धा कोयता उरतो, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीचा मुकादम पैसे देत नाही. आता वरचा हिशेब पुन्हा मांडा. मेमध्ये पाळी चुकते त्याच सुमाराला, मे-जूनमध्ये, उचलीची बोलणी सुरू झालेली असतात. दसऱ्याला बाईला सहावा पुरा होतो. ती फडात पोचते तेव्हा सातवा, आणि नववा लागतो डिसेंबरच्या कडाक्यात, थळावरच्या कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत. पहाटे उठून भाकरी करून फडात जायचं, दिवसभर वाकून तोड, मग मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. रात्री-अपरात्री गाडी आली तर भरायला पुन्हा उठायचं. खाडा केला तर मजुरी जातेच, वर दंडही बसतो. जड ओझी उचलणं आणि तासन्‌तास उभं राहणं यांचा अकाली प्रसूतीशी संबंध जगभरच्या अभ्यासांत दिसून आला आहे. इथे तर त्या दोन्ही गोष्टींवरच मजुरी ठरते.

बीडच्या ऊसतोड बायकांकडे राज्याचं लक्ष गेलं ते गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. त्या आकड्यावर विधिमंडळात चर्चा झाली, वृत्तपत्रांनी मथळे केले, आणि ते योग्यच झालं. पण ज्या पिशवीत मूल वाढत असताना तीच बाई मोळी उचलते, त्या नऊ महिन्यांचा हिशेब अजून कुणी मागितलेला नाही. नोकरदार बाईला 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. कोयत्याला 26 दिवसांचीही नाही. मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळाले तरी उचलीच्या रकमेपुढे ते किती पुरणार? माझं मत स्पष्ट आहे: तलवाड्यातल्या बाळांचे दिवस भरायचे असतील, तर पहिला उपाय दवाखान्यात सापडणार नाही, तो मुकादमाच्या वहीत सापडेल.

बाकी कारणं अनेक आहेत, आणि ती पुढे सविस्तर येतीलच: रक्त कमी असणं, रक्तदाब, लघवीचा जंतुसंसर्ग, जुळं, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसणं, आणि कमी वय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्यातही कोयत्याचा हात आहेच. जोडी झाल्याशिवाय उचल मिळत नाही.

मिश्रीवर मात्र थोडं थांबतो, कारण ती कुणालाच व्यसन वाटत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावत ओट्यावर बसायचं. पोटुशी असताना मळमळ थांबते म्हणून उलट जास्त लावली जाते. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1,217 गरोदर बायकांचा मागोवा घेतला. तो अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तोंडाने तंबाखू घेणाऱ्या बायकांत मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. तंबाखू घेणाऱ्या या सगळ्याजणींची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. सहा दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण 37 च्या काठावर असलेल्या बाळाला ते सहा दिवस पुरतात.

औषधाने काही साधतं का? थोडंफार. 2020 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत सहा देशांतल्या सुमारे 12 हजार पहिलटकरणींना तिसऱ्या महिन्याच्या आत रोज अगदी कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करून पाहिली. भारतातल्या बायका नागपूर आणि बेळगाव भागातल्या होत्या, म्हणजे आपल्याच पट्ट्यातल्या. अकाली प्रसूतीचं प्रमाण 13.1 वरून 11.6 टक्क्यांवर आलं. पण म्हणून कुणी दुकानातून गोळी आणून घेऊ नये. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. मुद्दा असा की हा फायदा तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवणारीलाच मिळू शकतो.

इथे तारखेचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या विषयाचा कणा तोच आहे. माता-बाल सुरक्षा कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहायला जागा असते. आशाताई विचारतात तेव्हा पुष्कळदा उत्तर येतं, "पोळ्याच्या आधी कधीतरी." मग सोनोग्राफीवर भिस्त. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगते. शेवटच्या तीन महिन्यांतली तीन आठवडे इकडे-तिकडे असू शकते. म्हणजे आठव्या महिन्यात पहिल्यांदा मशीनखाली गेलेल्या बाईचं बाळ 34 आठवड्यांचं की 37 चं, हे मशीनलाही नीट सांगता येत नाही. बीड जिल्ह्यात सोनोग्राफीचा इतिहास कडू आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे इथे 807 मुली उरल्या होत्या, राज्यात सर्वांत कमी. ज्या यंत्राने लेकी मारल्या, तेच वेळेवर वापरलं तर बाळाचे दिवस मोजून देतं, हे लोकांना पटवायचं काम सोपं नाही.

तारीख नुसती कार्ड भरण्यासाठी नाही. वेळेआधी कळा सुटल्या तर बाळाची फुप्फुसं पक्की करणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन आईला द्यायचं असतं, बारा-बारा तासांनी चार वेळा. सरकारी सूचनेप्रमाणे ते 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी नर्सनेसुद्धा पहिला डोस द्यावा असं 2014 पासून ठरलेलं आहे. आठवडे ठाऊक नसतील तर द्यावं की नाही, या विचारातच गाडी निघून जाते.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो. फडातली बाई वेळेआधी बाळंत होते ती नाइलाजाने. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी काही बाळं सोयीने लवकर आणली जातात: डॉक्टरांची सोय, जावयाची सुट्टी, नाहीतर पंचांग पाहून काढलेला मुहूर्त. 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने, आधी सीझर झालेल्या आणि पुन्हा ठरवून सीझर करणाऱ्या बायकांची बाळं तपासली. 39 व्या आठवड्यात काढलेल्या बाळांत श्वास, साखर, संसर्ग असा काही ना काही त्रास 8 टक्क्यांना झाला. 38 मध्ये 11 टक्क्यांना, 37 मध्ये 15 टक्क्यांना. कळा नाहीत, दुसरं काही कारण नाही, तरी सदतिसाव्यात सीझर "करूनच टाकू" असं कुणी म्हणालं, तर घरच्यांनी कारण विचारावं. विचारण्यात उद्धटपणा नाही.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. आईचा रक्तदाब भडकला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पाणी गेलं, अंगावरून रक्त जातंय, बाळाची हालचाल मंदावली, तर बाळ लवकर काढणं हाच त्याला आणि आईला वाचवण्याचा मार्ग असू शकतो. तिथे "दिवस भरू द्या" म्हणून अडून बसणारा माणूस जीव घेईल. आणि 41 आठवडे उलटून गेल्यावर वाट पाहत बसणंही धोक्याचंच.

बाळ लवकर आलंच, तर पुढची गोष्ट घरात घडते, आणि तिचा सर्वांत चांगला धडा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नव्वदच्या दशकात 39 गावांत थोडं शिकलेल्या गावातल्याच बायकांना तयार केलं. ती आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाई, झोळीच्या काट्यावर बाळ तोलत असे, श्वास मोजत असे, बाळ गार पडू देत नसे, ओढत नसेल तर आईचं दूध काढून चमच्याने पाजायला शिकवत असे. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढे त्याच कामाच्या दुसऱ्या लेखात अकाली बाळांचा वेगळा हिशेब आला. त्यांच्यातले मृत्यू 33 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर उतरले होते. काचेची पेटी नव्हती, मोठा दवाखाना नव्हता. आशाताई आज बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारात येतात, त्याचं मूळ तिथे आहे. त्यांना "चहा घ्या, बाळ झोपलंय" म्हणून परत पाठवू नये. झोपलेलं बाळच त्यांना पाहायचं असतं.

घरच्यांनी करायचं ते फार नाही. अंघोळीची घाई नको, आणि दार लावून शेगडीचा धूर तर अजिबात नको. कुंची, मोजे, आणि आईच्या उघड्या छातीवर बाळ, वरून लुगडं किंवा शाल. आई थकली तर बापाने घ्यावं. बापाची छातीही तेवढीच ऊबदार असते, फक्त आपल्याकडे त्याला लाज वाटते. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं. ओढत नसेल तर दूध वाटीत काढून चमच्याने, किंवा धुऊन उकळलेल्या बोंडल्याने. घुटी नको, मध नको. डोळ्यांत, अंगावर पिवळेपणा दिसला तर उन्हाची वाट न पाहता दवाखाना.

अशा बाळांचं पुढे काय होतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी चिकाटीने पाहिलं. 1987 ते 89 मध्ये दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळांमागे ते अठरा वर्षं राहिले. बहुतेक मुलं शाळेत गेली, मोठी झाली. बुद्धीच्या चाचण्यांत सर्वांत मागे पडली ती वेळेआधी जन्मलेली आणि त्यातही पोटात नीट न वाढलेली. म्हणून बाळ वाचलं की काम संपलं असं नाही. मान धरणं, बसणं, बोलणं यांच्या तारखा जन्माच्या दिवसापासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजाव्यात, आणि उशीर होत असेल तर दाखवावं.

पुढची पानं आई, सासू, आशाताई आणि मुकादम या चौघांसाठी आहेत. चौथ्याला पुस्तक वाचायची सवय नसेल, तर पहिल्या तिघींनी त्याला वाचून दाखवावं. आईला विनंती एकच: पाळी चुकल्यासारखी वाटली की त्याच दिवशी शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर पेनाने लिहा, आणि सरकारी दवाखान्यातल्या दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीला ते पान फाडून सोबत न्या. मुकादमाला सांगणं असं की, ज्या बाईला नोव्हेंबर ते मार्चमध्ये नववा लागणार आहे, तिची जोडी या हंगामात धरू नये. धरलीच असेल तर आठवा लागल्यापासून तिचा खाडा लावू नये आणि तिच्या डोक्यावर मोळी देऊ नये. थळावर कळा सुटल्या तर 108 ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत तिचं कार्ड कोपीतून शोधून हातात ठेवावं.